सक्यूबसची कैफियत

१

जुन्या कागदांचा व्यासंग करणारास बनावट कागद केव्हां ना केव्हां भेटतोच. मायना वळणशुद्ध असतो, शिक्का जागच्या जागीं असतो, साक्षीदारांचीं नांवें ओळीनें असतात. आणि मग एखादा शब्द असा निघतो कीं, जो त्या काळीं प्रचारांतच नव्हता. अशा बनावट कागदांचा एक सबंध रुमाल इ. स. १८३३ मध्यें पॅरिस येथें छापून प्रसिद्ध झाला. फ्रान्सांतील तूर या नगरींत इ. स. १२७१ मध्यें एका परदेशी स्त्रीवर चाललेल्या खटल्याच्या जबान्या त्यांत आहेत. ही मनुष्य नसून, पुरुषास मोहवून त्याचें वित्त व प्राण हरण करणारें स्त्रीरूप पिशाच आहे, असा तिच्यावर आरोप. हा रुमाल कोणत्याहि दप्तरखान्यांत सांपडला नव्हता. तो ऑनोरे द बाल्झाक या विख्यात कादंबरीकारानें स्वतः रचिला होता. आणि तेराव्या शतकांतील म्हणून दिलेले हे कागद सोळाव्या शतकांतील फ्रेंच भाषेच्या सोंगांत लिहून आपली लबाडी जाणत्या वाचकांपासून लपविण्याचा त्यानें फारसा प्रयत्नहि केला नाहीं.

अशा पिशाचास युरोपीय भाषांत ‘सक्यूबस’ म्हणतात. अद्भुत प्रणयाच्या लघुकथांतून हें पात्र गेलीं अडीचशें वर्षें वावरत आहे. या कथा कालानुक्रमानें लावून वाचल्या असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. सक्यूबस आपण होऊन क्वचितच बोलते. ती कोणाच्या तरी कागदांतून आपणांस भेटते. कधीं साक्षीदाराची जबानी, कधीं धर्मगुरूचा कबुलीजबाब, कधीं रोजनिशी, तर कधीं नाहींशा झालेल्या मनुष्याच्या सामानांत मिळालेलें टिपण. ज्या पिशाचाचें अस्तित्व मुळांत धर्मपीठाच्या कागदांवरच सिद्ध झालें, त्यानें कथेंत येतांना कागदाचा संग सोडला नाहीं. म्हणून या पात्राचा इतिहास म्हणजे तिच्याविषयींची लेखणी कोणाच्या हातीं होती याचा इतिहास होय. तो येथें क्रमानें मांडावयाचा आहे.

२

प्रथम नांवाचा विचार करूं. लॅटिन भाषेंत ‘सुक्कुबा’ हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचा अर्थ रखेली अथवा व्यभिचारिणी असा होतो. ‘सुब्’ म्हणजे खालीं व ‘कुबारे’ म्हणजे निजणें, हे त्याचे घटक. मध्ययुगांत याच शब्दास ‘सुक्कुबुस’ असें पुल्लिंगी रूप मिळालें. ‘इन्कुबुस’, म्हणजे वर निजणारें पुरुषरूप पिशाच, हा शब्द आधींपासून प्रचलित होता. त्याच्या जोडीस हें रूप घडलें. धर्मशास्त्र्यांच्या मतें पिशाचास स्वतःचा देह नाहीं व लिंगहि नाहीं. तें हवेचा अगर प्रेताचा देह उसना घेतें. म्हणजे जिच्या सौंदर्याची एवढी धास्ती, तिचें स्त्रीत्व नांवांतूनच काढून टाकलेलें होतें. तिला माहेर नाहीं, वय नाहीं, पूर्वायुष्य नाहीं.

आमच्या वाचकांच्या मनांत या ठिकाणीं हडळ, जखीण व आसरा यांची आठवण होणें साहजिक आहे. परंतु हे शब्द सक्यूबसचे पर्याय म्हणून वापरतां येत नाहींत. जखीण ही मुळांत यक्षिणी व आसरा ही अप्सरा. दोघींचें कूळ देवयोनींत आहे. हडळ तर मूळची मनुष्यच. गरोदरपणीं अथवा बाळंतपणांत दगावलेली ती गांवचीच कोणी तरी लेकीसून असते, आणि तिला शांत करावयाचें तर तिचें काय राहून गेलें हें विचारावें लागतें. आपल्याकडील प्राचीन वाङ्मयांत अशा स्त्रियांस वाचाहि आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ९५ वें सूक्त हा पुरूरवा व उर्वशी यांचा १८ ऋचांचा संवाद असून, उर्वशी त्यांत आपली बाजू स्वतःच्या मुखानें मांडते. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री म्हणून प्रसिद्ध असलेल्या गुणाढ्याच्या नांवावर मोडणारी बृहत्कथा लुप्त झाली. पण अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें तिच्या परंपरेवरून रचिलेल्या कथासरित्सागरांत निश्चयदत्ताची गोष्ट आहे. तींत पुरुषांस भुलविणारी यक्षिणी पराभूत झाल्यावर जीवदान मागते व निश्चयदत्तास त्याच्या प्रियेकडे नेण्याचें वचन देते. तेथें खटला नाहीं, करार आहे. युरोपांतील सक्यूबसला असा करार करण्याचा अधिकार फार काळ नव्हता. हा भेद ध्यानीं राहावा म्हणून आम्ही तिचें परकी नांवच कायम ठेवीत आहों.

३

पांचव्या शतकाच्या आरंभीं संत ऑगस्टिन यानें ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथाच्या पंधराव्या भागांत, वनदेवता स्त्रियांस उपद्रव देतात अशी लोकवार्ता नमूद करून, ती सर्वस्वीं नाकारण्याचें धाडस आपण करीत नाहीं असा अभिप्राय दिला. हें मत सावध होतें. पण पुढें शेंकडों वर्षें हाच अभिप्राय प्रमाण म्हणून पुढें केला जाऊं लागला. तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस यानें त्यास शास्त्रीय चौकट दिली. एकच पिशाच प्रथम स्त्रीरूपानें पुरुषाकडे जातें व नंतर पुरुषरूपानें स्त्रीकडे जातें, आणि अशा रीतीनें होणारें मूल वस्तुतः मनुष्याच्याच बीजाचें असतें, असें त्याचें म्हणणें. या उपपत्तींत सक्यूबस म्हणजे केवळ एक वाहक. तिला वासना नाहीं, मग प्रेम कोठून असणार?

परंतु शास्त्रानें जें नाकारलें तें गोष्टीनें त्यापूर्वींच देऊं केलें होतें. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजदरबारीं असलेल्या वॉल्टर मॅप यानें आपल्या लॅटिन गोष्टींच्या संग्रहांत गर्बर्ट व मेरिडियाना यांची कथा सांगितली आहे. गर्बर्ट ही ऐतिहासिक व्यक्ति. तो इ. स. ९९९ मध्यें दुसरा सिल्व्हेस्टर या नांवानें पोप झाला व १००३ मध्यें मरण पावला. गणितांत त्याचा अधिकार मोठा होता. भारतांतून अरबांमार्फत गेलेल्या नऊ अंकचिन्हांचा गणनफलकावर उपयोग करून युरोपांत त्यांचा परिचय करून देणाऱ्यांत त्याची गणना होते. मॅपच्या कथेंत प्रेमभंगानें व दारिद्र्यानें गांजलेला तरुण गर्बर्ट भर दुपारीं रानांत फिरत असतां त्यास द्रव्याच्या राशीजवळ बसलेली एक रूपवती दिसते. ती त्याच्यापाशीं निष्ठेचें वचन मागते व त्यास संपत्ति आणि वैभव देते. त्याच्या हातून एकदां वचनभंग होतो, त्याचीहि ती क्षमा करते. येरुशलेम येथें पूजाविधि करीपर्यंत तुला मरण नाहीं, असें ती सांगते. परंतु रोम शहरांत त्याच नांवाचें एक देवालय आहे हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं.

ही कथा गर्बर्टच्या मृत्यूनंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं लिहिली गेली. चेटकाचा आरोप त्याच्यावर त्याआधींच, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, पोपांच्या पक्षोपपक्षांच्या भांडणांत झाला होता. विद्वान मनुष्याची विद्या त्याची स्वतःची नव्हे, कोणा मायाविनीनें दिलेली, असें म्हणण्यांत त्याची निंदा होती. पण मॅप हा रसिक गोष्टीवेल्हाळ होता. त्यानें निंदेसाठीं आणलेल्या मायाविनीस मान व क्षमाबुद्धि दिली. सक्यूबसच्या प्रणयकथेचा हा पहिला स्पष्ट अंकुर होय.

४

त्यानंतरचा काळ भीषण आहे. त्या काळच्या कागदांकडे पाहतांना गोष्ट व प्रत्यक्ष यांची गल्लत होऊं देतां कामा नये. इ. स. १४८५ मध्यें हाइनरिश क्रामर नामक धर्मपरीक्षकानें ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें हेलेना शोयबरिन व इतर सहा स्त्रिया यांच्यावर चेटकाचा खटला चालविला. त्यानें हेलेनाच्या खाजगी शरीरसंबंधांविषयीं प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तेव्हां बिशपच्या प्रतिनिधीनेंच हरकत घेतली. स्त्रियांच्या वकिलानें कार्यपद्धतींतील दोष दाखविले, आणि सर्व स्त्रिया सुटल्या. क्रामर अपमानित होऊन परतला व त्यानें ‘मालेउस मालेफिकारुम’, म्हणजे चेटकिणींवरील हातोडा, हा ग्रंथ रचिला. तो १४८६ च्या सुमारास छापून निघाला. इन्कुबुस व सुक्कुबुस यांची चर्चा त्यांत सविस्तर आहे. न्यायालयांत जें सिद्ध झालें नाहीं तें ग्रंथांत सिद्ध करण्यांत आलें, आणि ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

खटल्यांतील आरोपी बहुधा स्त्रिया असत व त्यांचा संबंध इन्कुबुसशीं जोडला जाई. पुरुषाचा संबंध सक्यूबसशीं जोडून त्यास जाळल्याचें एक ठळक उदाहरण उत्तर इटलींतील मिरांदोला येथील आहे. तेथें १५२२-२३ मध्यें झालेल्या खटल्यांचें समर्थन करण्यासाठीं तेथील अधिपति जानफ्रांचेस्को पीको यानें १५२३ मध्यें ‘स्ट्रिक्स’ हा संवादग्रंथ लिहिला. बेनेदेत्तो बेर्नी हा वृद्ध धर्मगुरु आर्मेल्लीना नांवाच्या स्त्रीपिशाचाबरोबर चाळीस वर्षें राहिला असें या प्रकरणीं नमूद आहे. तो रस्त्यानें तिच्याशीं बोलत जाई, आणि ती इतरांस दिसत नसल्यामुळें लोक त्यास वेडा समजत, असेंहि पुढील ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आहे.

हा मजकूर आम्हीं अनेकदां वाचला. आरोपाचें कवच काढून टाकलें तर आंत काय उरतें? एकाकी म्हातारा धर्मगुरु, ज्याला लग्नाची बंदी आहे, आणि त्यानें चाळीस वर्षें एका नांवाशीं केलेलें संभाषण. तो जाळला गेला. आर्मेल्लीनाचें नांव उरलें, तेंहि त्याला जाळणाऱ्यांच्या कागदांत. ज्या इन्क्विझिशनच्या व्यवस्थेंतून असे कागद निघाले तिची एक शाखा १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यांत होती; त्यामुळें आरोपीच्या तोंडीं परीक्षकाचे शब्द कसे येतात हें आपणांस निराळें सांगावयास नको.

५

सक्यूबसला आधुनिक प्रणयकथेची नायिका केलें तें झाक काझोत यानें. त्याचें ‘ल दियाब्ल आमूरे’, म्हणजे प्रेमांत पडलेला सैतान, हें छोटेखानी आख्यान १७७२ मध्यें प्रसिद्ध झालें. नेपल्सच्या राजाच्या सैन्यांतील आल्व्हारे हा तरुण स्पॅनिश कप्तान कुतूहलानें पोर्तिची येथील भग्नावशेषांत सैतानास पाचारण करतो. प्रथम उंटाचें अक्राळविक्राळ डोकें प्रकट होतें, नंतर एक लहान कुत्री, नंतर एक हुजऱ्या. आणि हा हुजऱ्या पुढें बियोंदेत्ता नांवाची तरुणी ठरते. आपण वायुलोकांतील कन्या असून तुझ्यावरील प्रीतीसाठीं मनुष्यदेह धारण केला, असें ती सांगते. ही वायुकन्येची कल्पना काझोतची स्वतःची नव्हे. आबे द व्हियार याच्या १६७० मधील ‘काउंट गाबालिस’ या पुस्तकानें ती लोकप्रिय केली होती. परंतु तिचा उपयोग काझोतनें असा केला कीं, बियोंदेत्ता मत्सर करते, रडते, घाव सोसते, आणि ती सोंग करीत आहे कीं खरोखर प्रेम करीत आहे हें वाचकास शेवटपर्यंत उमगत नाहीं. आल्व्हारे मात्र आईच्या आशीर्वादाशिवाय लग्न करण्यास तयार नाहीं. त्यामुळें सैतानाशीं झगडा चालतो तो मंत्रतंत्रानें नव्हे, तर मातृभक्तीनें.

ही कथा आल्व्हारे स्वतः सांगतो. म्हणजे लेखणी आतां परीक्षकाच्या हातून निसटून प्रियकराच्या हातीं आली. पहिल्या आवृत्तीचा शेवट वाचकांस तुटक वाटल्यावरून काझोतनें १७७६ मध्यें तो बदलला; सक्यूबसच्या प्रेमाचा निकाल काय लावावा हें लेखकासच ठरत नव्हतें, याची ही खूण आहे. पुढें राज्यक्रांतीच्या काळांत या वृद्ध लेखकाचीं राजपक्षीय पत्रें हस्तगत झालीं, तींच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यांत आलीं, आणि २५ सप्टेंबर १७९२ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. कागदावरून मनुष्य कसा दोषी ठरतो हें त्यास अखेर स्वतः पाहावें लागलें.

६

आतां प्रारंभीं उल्लेखिलेल्या तूरच्या रुमालाकडे वळूं. बाल्झाकच्या ‘कोंत द्रोलातीक’ या संग्रहाच्या दुसऱ्या दशकांत ही ‘ल सक्यूब’ कथा आहे. तिचे चार भाग असून ते दप्तरांतील चार स्वतंत्र कागदांसारखे मांडले आहेत. पहिल्या भागांत साक्षीदारांच्या जबान्या. शेजारी, सरदार, भिक्षुणी असे एकामागून एक येतात. प्रत्येकाचें म्हणणें निराळें, आणि प्रत्येकाच्या बोलण्यांतून आरोपीपेक्षां स्वतः साक्षीदाराचाच स्वभाव अधिक उघड होतो. दुसऱ्या भागांत आरोपी स्त्रीची स्वतःची जबानी. ती बालपणीं परमुलुखांतून आलेली मुलगी. तिला बाप्तिस्मा देऊन मठांत वाढविण्यांत आलें, आणि मठांतील जीवन तिला मानवलें नाहीं. तिसऱ्या भागांत वृद्ध न्यायाधीश जेरोम कोर्नीय स्वतःच तिच्या मोहांत पडल्याचें कबूल करतो. चौथा भाग हा सर्वांत महत्त्वाचा. खटल्याची नोंद ठेवणारा लेखनिक गीयोम तूर्नबूश आपल्या मुलांसाठीं म्हणून खाजगी टिपण लिहितो, आणि आपण लिहिलेल्या नोंदींच्या मागें काय घडलें, ती स्त्री पिशाच नसून तिच्यावर केवढा अन्याय झाला, हें त्यांत सांगतो. स्त्री मात्र जिवंत जाळली जाते.

दप्तरांशीं ज्यांचा नित्य संबंध, त्यांनीं या मांडणीचा विचार करावा. बाल्झाक वाचकास पुरावा देतो, आणि त्या पुराव्याची किंमत कशी ठरवावी हें शेवटच्या कागदानें शिकवितो. पहिले तीनच कागद उरले असते, तर आपणहि कदाचित् निकाल कायम केला असता. खोट्या रुमालानें खऱ्या दप्तरांविषयीं सांगितलेली ही गोष्ट खरी आहे.

७

तीन वर्षांनीं, जून १८३६ मध्यें, ‘क्रोनीक द पारी’ या पत्रांत तेओफील गोतिये याची ‘ला मोर्त आमूरज’ ही कथा आली. पत्राचीं सूत्रें त्या वेळीं बाल्झाकच्याच हातीं होतीं. म्हणजे एका सक्यूबसच्या कर्त्यानें दुसरीस जगापुढें आणलें.

सहासष्ट वर्षांचा धर्मगुरु रोम्युआल्द आपल्या तारुण्यांतील हकीकत दुसऱ्या एका धर्मबंधूस सांगत आहे. दीक्षेच्या दिवशींच त्याची दृष्टि क्लारिमोंद या गणिकेवर पडली. पुढें तिच्या अंत्यसमयीं त्यास बोलावणें आलें; तो पोंचला तेव्हां ती मृत होती, पण त्याच्या चुंबनानें क्षणभर जागी झाली. त्यानंतर त्याचें आयुष्य दुभंगलें. दिवसा तो खेडेगांवचा गरीब धर्मगुरु, आणि रात्रीं स्वप्नांत व्हेनिस नगरींतील विलासी सरदार, क्लारिमोंदचा प्रियकर. ती त्याच्या दंडास सोन्याची टांचणी टोंचून रक्ताचे थोडेसेच थेंब घेते, कारण त्यास दुखविण्याची तिला इच्छा नाहीं. अखेर वडील धर्मगुरु सेरापियों तिचें थडगें उकरून पवित्र जल शिंपडतो व तिच्या सुंदर देहाची माती होते. ती एकदांच परत येते, ती दोष देण्यासाठीं. आणि वृद्ध रोम्युआल्द कबूल करतो कीं, तिची उणीव आपणांस अनेकदां भासली व अजूनहि भासते.

मिरांदोलाचा बेर्नी व हा रोम्युआल्द यांच्यांत तीनशें वर्षांचें अंतर आहे. प्रसंग जवळजवळ एकच. धर्मगुरु, एकांत, स्वप्नांतील स्त्री. पण बेर्नीचे शब्द त्यास जाळणाऱ्यांनीं लिहिले, रोम्युआल्दचे त्याच्याच तोंडून आले. त्यामुळें तोच प्रसंग पूर्वीं गुन्हा होता, आतां विरह झाला. उपदेश कथेंत आहेच. परंतु तो वाचकाच्या मनांत राहत नाहीं, राहते ती म्हाताऱ्याची हळहळ. लाफ्काडिओ हर्न यानें १८८२ मध्यें ही कथा इंग्रजींत आणली.

८

यानंतर एक कथा अशी आहे कीं, इतिहाससंशोधकांनीं ती आवर्जून वाचावी. कारण तिचा नायक संशोधकच आहे. व्हर्नन ली या टोपणनांवानें लिहिणाऱ्या व्हायोलेट पॅजेट या विदुषीची ‘आमूर द्यूर’ ही कथा १८८७ मध्यें मासिकांत व १८९० मध्यें ‘हाँटिंग्ज’ या संग्रहांत प्रसिद्ध झाली. नांवाच्या त्या दोन शब्दांचा अर्थ ‘प्रेम टिकतें’ असाहि होतो व ‘निष्ठुर प्रेम’ असाहि होतो. स्पिरिदिओन त्रेप्का हा जर्मनींत शिकलेला पोलिश तरुण इ. स. १८८५ मध्यें इटलींतील उर्बानिया या गांवीं तेथील इतिहास लिहिण्यासाठीं येतो. दप्तरांत त्यास मेदेआ दा कार्पी हिची हकीकत मिळते. तिच्यापायीं एकामागून एक पुरुष प्राणांस मुकले, आणि १५८२ मध्यें ड्यूक रॉबर्टनें तिला गळा दाबून मारविलें. त्रेप्का तिचीं पत्रें वाचतो, तिचें चित्र पाहतो, आणि रोजनिशींत तिची वकिली करूं लागतो. तिचा न्याय आपल्या काळाच्या मापानें करूं नये, असें तो म्हणतो. आणि हा युक्तिवाद आपण सर्वांनीं कधीं ना कधीं केलेला आहे.

मग तिच्या हस्ताक्षरांतील चिठ्ठ्या त्याला येऊं लागतात. ओसाड देवालयांत ती भेटते. मृत्यूनंतर मेदेआशीं गांठ पडूं नये म्हणून ड्यूकनें आपल्या आत्म्याच्या रक्षणार्थ स्वतःच्या पुतळ्यांत एक चांदीची मूर्ति बसविली होती. ती फोडण्याचें काम मेदेआ त्रेप्काकडून करून घेते. नाताळाच्या सुमारास तो हृदयांत वार झालेला असा मृत आढळतो.

संशोधकानें आपल्या विषयावर प्रेम करूं नये, असा या कथेचा अर्थ आम्ही घेत नाहीं. त्रेप्काची चूक निराळी आहे. शत्रूंनीं लिहिलेले कागद एकतर्फी आहेत हें त्यानें अचूक ओळखलें. पण त्या कागदांच्या उलट जें असेल तें सत्यच असलें पाहिजे असें त्यानें मानलें. आरोप खोटा ठरला म्हणजे आरोपी देवी ठरते असें नाहीं.

९

विसाव्या शतकांत या कथेचा संसार अमेरिकेंतील स्वस्त मासिकांत थाटला गेला. ‘वीअर्ड टेल्स’ हें मासिक मार्च १९२३ मध्यें निघालें. त्याच्या मे १९३० च्या अंकांत क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ याची ‘दि एंड ऑफ द स्टोरी’ ही कथा आहे. तूर येथील क्रिस्तोफ मोराँ हा कायद्याचा विद्यार्थी नोव्हेंबर १७८९ मध्यें नाहींसा झाला. त्याच्या कागदांत सांपडलेलें हें निवेदन, अशी तिची मांडणी. तूर नगरी येथें पुन्हां येते, आणि कायदाहि. मठाच्या ग्रंथालयांत एका अपुऱ्या हस्तलिखितांत मोराँ वाचतो कीं, जवळच्या पडक्या गढींत जाणारा कोणी परत येत नाहीं. तो तेथें जातो व निसेआ या स्त्रीरूप लामियाच्या मोहांत सांपडतो. मठाधिपति त्यास वांचवितो. परंतु सत्य कळल्यावरहि तो पुन्हां तिच्याकडे जाण्याचा निश्चय करतो, आणि तेथेंच कागद संपतो. येथें मोह हा अज्ञानाचा परिणाम राहिला नाहीं. तो जाणून केलेला निर्णय झाला.

त्याच मासिकाच्या नोव्हेंबर १९३३ च्या अंकांत सी. एल्. मूर यांची ‘शँब्लो’ ही कथा आली. या लेखिकेचें नांव कॅथरिन. त्या इंडियानापोलिस येथील एका बँकेंत नोकरीस होत्या. मंगळ ग्रहावरील एका वस्तींत जमाव एका मुलीचा पाठलाग करीत आहे. नायक तिला पाठीशीं घालतो. चेटकिणीच्या शिकारीचा हा ओळखीचा देखावा पाहून वाचक मुलीच्या बाजूस जातो. पण ती खरोखरच प्राण शोषणारी निघते; जमावाचा संशय बरोबर होता. मित्रानें सोडविल्यावर, पुन्हां अशी भेटली तर तिला ठार करीन, असें वचन नायक मोठ्या कष्टानें देतो, आणि त्या वचनाचा भरंवसा कोणासच वाटत नाहीं. एका स्त्रीनेंच ही कथा लिहिली हें लक्षणीय आहे. पिशाचास निरपराध ठरवून सहानुभूति मिळविण्याचा सोपा मार्ग त्यांनीं टाळला.

१०

एकविसाव्या शतकांत अद्भुत प्रणयकथा हा इंग्रजी पुस्तकव्यवहारांतील एक स्वतंत्र व भरभराटीचा वर्ग झाला, आणि लेखणी अखेर सक्यूबसच्या हातीं आली. रिशेल मीड यांच्या २००७ मधील ‘सक्यूबस ब्लूज’ या कादंबरींत जॉर्जिना किंकेड ही सक्यूबस स्वतः प्रथमपुरुषीं आपली हकीकत सांगते. ती सिअ‍ॅटल शहरांत पुस्तकांच्या दुकानांत काम करते. तिला पूर्वायुष्य आहे. प्राचीन काळीं सायप्रस बेटावर ती मनुष्य होती व एका अपराधाच्या दुःखानें तिनें आपला आत्मा विकला. जें चरित्र अक्वायनसनें नाकारलें व हडळीस आपल्या गांवकऱ्यांनीं कधींच नाकारलें नाहीं, तें तिला येथें परत मिळालें. ज्याच्यावर प्रेम करावें त्याचेंच आयुष्य आपल्या स्पर्शानें क्षीण होतें, हा या कथांतील पेंच. तो बाहेरून लादलेला आरोप नसून आंतून भोगलेलें दुःख आहे.

२००८ मध्यें ‘इटर्नल लव्हर’ या चार लेखिकांच्या संग्रहांत हीच नायिका ‘सिटी ऑफ डीमन्स’ या लहान कथेंत पुन्हां येते. लॉस एंजेलिस येथें पिशाचांचा एक खटला आहे, आणि त्यांत जॉर्जिनास पंच म्हणून बसावयाचें आहे. तूर येथें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी असलेली सक्यूबस पावणेदोनशें वर्षांनीं न्यायासनाच्या बाजूस आली. कथा हलकीफुलकी आहे. तिच्या कर्त्रीस बाल्झाकची आठवण होती असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु पूर्वीचे कागद ज्यानें वाचले असतील त्यास हें स्थलांतर अर्थपूर्ण वाटल्याशिवाय राहणार नाहीं.

या सर्व प्रवासांतून इतिहासाच्या अभ्यासकानें घ्यावयाची गोष्ट आमच्या मतें अशी. या कथा मनोरंजनासाठीं लिहिल्या गेल्या आणि त्यांस पुरावा म्हणून कांहीं किंमत नाहीं. पण पुरावा कसा वाचावा याचें शिक्षण त्यांत आहे. कागदांत एखादी व्यक्ति केवळ तृतीयपुरुषीं असेल, तिच्याविषयीं दहा जण बोलत असतील आणि ती स्वतः कोठेंच बोलत नसेल, तर तिची जबानी गहाळ आहे असें समजून पुढें वाचावें. ती जबानी कल्पनेनें भरून काढण्याचा मोह झाला तर त्रेप्काची आठवण ठेवावी, आणि ती नसल्याचा विसर पडूं लागला तर तूर्नबूशची. हेलेना शोयबरिन सुटली, कारण इन्सब्रुकच्या न्यायसभेंत तिच्या वतीनें कोणी तरी बोललें व कोणी तरी तें ऐकून घेतलें. बेनेदेत्तो बेर्नीच्या वेळीं तसें झालें नाहीं. दोघांमध्यें अंतर अवघ्या ३७ वर्षांचें होतें.